गोळी चुकवायची नाही

आमच्या घरात एकाचे पाय सुजत होते आणि दुसऱ्याचे आखडत होते. सुजत होते ते बाबांचे, आखडत होते ते आत्याचे. आणि मला वाटत होतं, हे कोणीतरी करतंय.

कोणीतरी म्हणजे वहिनी. उगाच आडून आडून कशाला सांगू.

आधी घर सांगतो. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना हे आपलं म्हणायला. एक लांबलचक खोली, तिच्यात जाड कापडाचं एक जुनं मशीन आणि जमिनीभर पसरलेलं कॅनव्हास. तंबू, ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, असली कामं. आत्या मशीनवर बसते आणि बाबा समोरून कापड सरकवतात. आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही तिनं. कोणी विचारलं तर बाबांकडे बोट दाखवते, "हे एक ध्यान सांभाळायला पुरे आहे की." आई गेल्यावर मला आणि दादाला तिनंच वाढवलं.

ही दोघं लहानपणापासून सगळं वाटून घेत आलेली. पाव अर्धा, चहा अर्धा, बोलणी अर्धी. बाबांना शाळेत बाहेर उभं केलं की ही आपल्या वर्गातून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची म्हणे. अजून तसंच आहे. एकाला ठसका लागला तर दुसरा पाणी पितो.

कामाचा एकच नियम. शिवण सुरू झाली की टोक येईपर्यंत उठायचं नाही. कापड एवढं जड असतं की समोरच्यानं हात सोडला की तिरकं जातं, शिवण नागमोडी होते आणि पुढे तंबू बरोब्बर तिथंच गळतो. फोन वाजला तर वाजू दे. शिंक आली तर गिळ.

आणि अशा माणसाला डॉक्टरनं लघवीची गोळी दिली.

बाबांचं हृदय कमजोर झालंय. पंप आहे तो, पण जोर नाही, त्यामुळे पाणी अंगात साचतं. पायात साचतं, मग फुप्फुसात. आडवं झालं की दम लागतो. आत्याला नुसतं बीपी. पण गोळी दोघांनाही त्याच जातीची, म्हणजे लघवी वाढवणारी. मी शाळा संपल्यावर पुढे शिकलो नाही. मोबाइल दुरुस्ती व्हिडिओ बघून शिकलो, चौकात दुकान टाकलं. मग गोळ्या तरी का सोडू? त्याही व्हिडिओ बघूनच शिकलो. गंमत अशी आहे की किडनी आधी जवळजवळ सगळंच पाणी गाळून टाकते आणि मग बारीक बारीक नळ्यांमधून कामाचं परत आत ओढते. मीठ ओढलं की पाणी त्याच्या मागोमाग येतं. ही गोळी त्या ओढण्यात खोडा घालते. मीठ बाहेर, म्हणून पाणीही बाहेर.

आता खोडा कुठं घालायचा, त्यावर गोळीची जात. बाबांची गोळी नळीच्या मोठ्या वळणावर घालते, तिथं भरपूर मीठ ओढलं जातं. म्हणून ती जोरदार. घेतली की तासाभरात पळापळ, पाच-सहा तासांत खेळ खल्लास. आत्याची गोळी त्याच्या पुढं, शेवटाकडे, जिथं ओढायला थोडंच मीठ उरलेलं असतं. ती शांतपणे दिवसभर काम करते आणि बीपी खाली ठेवते. पण दोन्हींच्या पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, आणि ते गेलं की पेटके येतात, थकवा येतो, हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून बाबांना आणखी एक तिसऱ्या जातीची गोळी होती. ती पाणी थोडंसंच काढते, पण पोटॅशियम धरून ठेवते.

हे सगळं मी जेवताना सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "ताट पुढ्यात असताना लघवीचं पुराण नको." वहिनी मात्र ऐकत होती. वहिनी एवढं लक्ष देऊन का ऐकत होती, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा जहाजावर असतो, एकदा गेला की अर्धं वर्ष तिकडेच. घर वहिनी बघते. दोघांचे गोळ्यांचे डबे तीच भरते. बाबांचा निळा, आत्याचा लाल, वारांचे कप्पे असलेले. औषधं औषधवाल्याकडून मी आणतो, डबे ती भरते, घेतात ती दोघं. आणि वहिनीला खालच्या खोलीचा पुढचा भाग पाहिजे होता. तिला लहान मुलांचे कपडे शिवून विकायचेत. बाबांना तिनं विचारलंही होतं. बाबा म्हणाले, "हा मोठा तंबू होऊ दे, मग बघू." पण त्या तंबूच्या शिवणी काही संपत नव्हत्या.

आता सांगा, मी संशय घेणार नाही तर काय करणार?

बाबांचं वजन रोज सकाळी काट्यावर बघायचं होतं. ते वाढत होतं. चपलेचे पट्टे पुरेनात. रात्री उशा एकावर एक रचून झोपायचे. आणि आत्या वाळत चाललेली. तोंड कोरडं, उभं राहिलं की चक्कर. पोटरीत पेटका आला की खुर्चीतच "आई गं" म्हणून मुठी आवळायची. म्हटलं, बाबांची गोळी लागू पडत नाही आणि आत्याला जास्तच लागू पडतेय. कुठंतरी पाणी मुरतंय.

डॉक्टरबाईंनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आले तेव्हा बाई बराच वेळ एक कागद बघत राहिल्या, मग दुसरा, मग परत पहिला.

"लॅबवाल्यानं नावं बदलली की काय?" त्या म्हणाल्या. "बाबांची गोळी जोरदार, त्यांचं पोटॅशियम उतरायला हवं. ते चढलंय. आत्यांची साधी गोळी, आणि यांचं एवढं खाली?"

लॅबवाल्याला राग आला. त्यानं दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, आमच्यादेखत नळ्यांवर नावं लिहिली. रिपोर्ट पुन्हा तसेच.

"गोळ्या वेळच्या वेळी घेताय ना?" बाईंनी विचारलं.

"एकही चुकवली नाही," बाबा आणि आत्या एका सुरात म्हणाले.

"तुम्ही केळी वगैरे जास्त खाता का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. केळी मीच आणत होतो. व्हिडिओत सांगितलं होतं, लघवीची गोळी चालू असेल तर केळी खा.

"ते ज्याचं पोटॅशियम कमी होतंय त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या. "यांना तर ते धरून ठेवणारी गोळीही चालू आहे. बंद करा केळी."

बाबा खाली बघून पुटपुटले, "बाई, अजून एक. छाती दुखते. म्हणजे आत नाही, वरून. सदरा घासला तरी दुखते. जरा... फुगल्यासारखी पण वाटते."

आत्या फिस्सकन हसली. बाबांचे कान लाल.

"लाजू नका," बाई म्हणाल्या. "ती तिसरी गोळी काही पुरुषांना असं करते. ती सध्या थांबवू. जोरदारवाली दुप्पट करते, अंगात फार पाणी आहे. आत्या, तुमची अर्धी, आणि हे पोटॅशियमचं औषध." मग पेन ठेवून त्यांनी विचारलं, "घरात गोळ्या काढून कोण देतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

मी वहिनीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती.

जाताना मी मागे राहिलो आणि बाईंना म्हणालो, "घरातलंच माणूस काही गडबड करत असेल, असं होऊ शकतं का?" बाई म्हणाल्या, "पुराव्याशिवाय असं बोलू नये." पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते मी बघितलं.

पुरावा ना? ठीक आहे. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले फोन पडलेले असतात. एकाची काच फुटलेली पण कॅमेरा उत्तम. तो मी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं लपवला, तोंड ओट्याकडे. रविवारी वहिनी डबे भरते.

भरले. सगळं बरोबर भरलं. निळ्यात निळ्याच्या, लालमध्ये लालच्या. मी दुकानात बसून मोठं करून करून बघितलं, चूक सापडेना. मला चक्क वाईट वाटलं. आणि मग शेवटी तिनं बाबांची एक जोरदार गोळी काढली, खिडकीकडे धरून बघितली, नखानं खरवडली, कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

तेवढा तुकडा मी पुन्हा तीनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडल्या उघडल्या शेजारचा औषधवाला माझ्याकडे आला. हा माणूस गोळ्या कमी आणि बातम्या जास्त विकतो. "काल तुझी वहिनी आलेली. बाबांची गोळी घेऊन. विचारत होती, ह्यानं माणसाचं काही बरंवाईट होईल का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? म्हटलं, गोळी आहे बाई, विष नाही." मग तो जवळ सरकला. "का रे, घरात काही आहे का?"

आणि मी सांगितलं. खोलीचं, रिपोर्टचं, कॅमेऱ्याचं, सगळं. तो "च्च च्च" करत होता आणि त्याच्या मागं उभी असलेली माझी दोन गिऱ्हाइकंही ऐकत होती. मला दिसत होती ती. तरी मी थांबलो नाही.

त्याच आठवड्यात आत्या पडली. सकाळी एक लांब शिवण संपवून मशीनवरून उठली आणि तशीच कापडावर आडवी झाली. बाबा ओरडले ते वरपर्यंत ऐकू आलं. वहिनीच आधी धावली. तिनं आत्याचे पाय उशीवर घेतले आणि मला म्हणाली, "भाऊजी, बघत काय उभे राहिलात, गाडी बोलवा."

दवाखान्यात म्हणाले बीपी फार खाली, पोटॅशियम त्याहून खाली, ठोके वेडेवाकडे. सलाइन लावलं. छातीला वायरी चिकटवल्या. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "अर्ध्या साध्या गोळीनं माणूस एवढं सुकत नाही. ह्यांनी आणखी काही घेतलंय का?"

मी बाहेर पॅसेजमध्ये आलो आणि दादाला फोन लावला. नशीब म्हणा, लागला. वहिनी बाकावर बसली होती, मला माहीत होतं. मी आवाज कमी केला नाही.

"दादा, आत्याला कोणीतरी भलतंच काहीतरी देतंय. घरात गोळ्या कोण भरतं ते तुला माहीत आहे. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

दादा एवढंच म्हणाला, "तिला दे फोन."

वहिनीनं फोन घेतला. "हो... नाही... तुम्हाला खरं वाटतं?... बरं." एवढंच. फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुमचे दादा म्हणतायत, ते येईपर्यंत आईकडे जाऊन राहा." मग पर्समधून घराच्या किल्ल्या काढून बाकावर ठेवल्या. "बाबांचा निळा डबा शनिवारपर्यंत भरलेला आहे. लाल पण. तपासून घ्या. तुम्हाला येतं सगळं."

त्या रात्रीपासून घर माझ्याकडे. खिचडी करपली. डबे मी तपासले. सगळं बरोबर. मला वाटलं, चला, आता बाबा बरे होतील. ती गेली, बाबा बरे झाले की झालं सिद्ध.

बाबा बरे होईनात. उलट जास्तच. जिना चढताना मध्ये बसायला लागले. डोळ्यांखाली फुगवटा. मी रोज सकाळी त्यांच्या हातावर डब्यातल्या गोळ्या ठेवत होतो, ते "घेतो, घेतो, पाणी आण" म्हणायचे, मी पाणी आणेपर्यंत हात रिकामा. मी स्वतः देतोय, वहिनी घरात नाही, तरी सूज वाढतेय. मग मी औषधवाल्याचा संशय घेतला. मग कंपनीचा. एकदा तर नळाच्या पाण्याचा घेतला. काविळीत सगळं पिवळं दिसतं म्हणतात, मला सगळं पांढरं दिसायला लागलं होतं, गोळीसारखं. बाबांवर मात्र संशय आला नाही. स्वतःच्या आजाराविरुद्ध कोण कट करेल?

संध्याकाळी भेटायच्या वेळेला बाबांना घेऊन आत्याकडे गेलो. तिला बरं वाटत होतं. वायरी अजून होत्या, पण तोंडाला पाणी सुटलं होतं, म्हणजे खरंच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, "इथलं कापड बघा, चादर आहे का जाळी?" बाबा तिच्या उशाशी बसले. धाप लागली होती तरी दोघांचं सुरू झालं.

"तंबूचं काय?"

"तुझ्याशिवाय काय होतंय. हा सरकवतो कापड, तर साप चालल्यासारखी शिवण जाते."

"त्याला फोन खोलायला सांग. तेवढंच येतं त्याला."

मी तिच्यासाठी चहा आणायला निघालो. दारापर्यंत गेलो आणि पैशाचं पाकीट पिशवीत राहिलंय म्हणून वळलो.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून हात बाहेर काढला होता. मूठ बंद. ती मूठ आत्याच्या हातात उघडली. आत्यानं बघितलंही नाही, सवयीनं हात तोंडाकडे नेला आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला शोधला.

मी तीन खाटा ओलांडून कसा पोचलो माहीत नाही. तिचं मनगट धरलं. पेला सांडला. शेजारची बाई "अगं बाई" म्हणून बसलीच उठून.

आत्याच्या तळहातावर बाबांच्या जोरदार गोळ्या. दोन. म्हणजे दुप्पट झालेला डोस.

"बाबा, हे काय?"

"तिची गोळी," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, जणू मी वेडा आहे.

"ही तुमची गोळी आहे!"

"माझी म्हणजे, डब्यातली माझी. पण घेते ती."

"कधीपासून?"

"मोठा तंबू आला तेव्हापासून." जणू मी कामाबद्दलच विचारतोय, असा त्यांचा चेहरा. "अरे, ती घेतली की मला शिवणीच्या मध्येच उठावं लागायचं. तीनदा, चारदा. एक आख्खी पट्टी वाया गेली. संध्याकाळी घेऊन बघितली, तर रात्रभर माझ्या फेऱ्या. सकाळी हात थरथरतात. मग ताई म्हणाली, तुझी मला दे, माझी तू घे. तिची मवाळ आहे, दिवसभर बसता येतं. आणि तिला तशीही रात्री झोप नसते, ती संध्याकाळी घेते."

"दोन्ही लघवीच्याच आहेत," आत्या म्हणाली. "एकाच जातीच्या. तूच सांगितलंस जेवताना."

"जात एक म्हणजे एकच नाही ना, आत्या!"

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, एकही चुकवायची नाही," बाबा म्हणाले. "चुकवली कुठं? घेतली की. घरातच घेतली."

मला हसू येईना, रडू येईना. मी विचारलं, "आणि आता इथं? ती तर सलाइनवर आहे, बाबा. तंबूही बंद आहे."

बाबांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "ती पडली त्याच्या आदल्या दिवशी गोळी दिलीच नव्हती मी. विसरलो होतो. मला वाटलं, म्हणूनच पडली. म्हणून रोज आणतोय. पण रोज नर्स उभी असायची, एकदाही घेता आली नाही तिला. आज म्हटलं, घे बाई, आणखी खाडा नको."

आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा बोटांखाली दबला आणि खड्डा तसाच राहिला, इतकी सूज.

तरुण डॉक्टर आला. त्याला सांगितलं तर त्यानं आधी आत्याच्या हातातल्या गोळ्या काढून घेतल्या, मग डोक्याला हात लावला. "म्हणून बाबांचं पोटॅशियम वर. मवाळ गोळी आणि धरून ठेवणारी, वर केळी. जोरदार गोळी पोटातच नाही, पाणी जाणार कुठून? आणि ह्यांना हृदयाचा काही त्रास नाही, अंगात जास्तीचं पाणी नाही, तरी रोज तेवढं उपसलं. ह्या गोळ्या आत्ता गेल्या असत्या तर..." त्यानं आत्याच्या छातीवरच्या वायरींकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही. मग तो बाबांकडे वळला. "तुम्ही कुठं निघालात? तुमची खाट पुरुषांच्या वॉर्डात. ही गोळी आता शिरेतून देणार, बघू कुणाला वाटून देता."

बाबा आत्याला म्हणाले, "वॉर्ड वेगळा आहे गं."

"जा," आत्या म्हणाली. "भिंतीपलीकडे आहे, परदेशात नाही."

रात्रभरात बाबांनी एवढी लघवी केली की वॉर्डबॉयनं मला बोलावून भांडं दाखवलं, कौतुकानं. सकाळी त्यांच्या पायावर पुन्हा हाडं दिसत होती. मी दादाला फोन लावला. लागला नाही. संदेश टाकला, लांबलचक. जहाज कुठं होतं कोण जाणे, उत्तर आलं नाही.

मग मी वहिनीच्या आईकडे गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसरा मजला. दार वहिनीनंच उघडलं. हातात कात्री, खांद्यावर टेप. मागं टेबलावर लहान बाळाचं झबलं कापायला घेतलेलं.

"आत्या?" तिनं आधी विचारलं.

"बरी आहे. वहिनी, तुम्ही काही केलं नाही."

"मला माहीत आहे मी काही केलं नाही. ते सांगायला एवढ्या लांब आलात?"

मी सगळं सांगितलं. अदलाबदल, खिसा, घरातच घेतली. शेवटच्या भागाला तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसली नाही.

"मग ती गोळी का नेली होती तुम्ही पर्समधून?" मी विचारलं. विचारायला नको होतं. पण अजूनही खाज होतीच.

"कारण मला तुमचा संशय होता," ती म्हणाली. "औषधं तुम्ही आणता. म्हटलं स्वस्तातली डुप्लिकेट आणून वरचे पैसे ठेवत असाल. मी औषधवाल्याला विचारलं, ही खरी आहे ना, आणि खोटी असेल तर बाबांचं काही बरंवाईट होईल का. त्यानं बघून सांगितलं, खरी आहे. मी गप्प बसले. तुमचं नाव घेतलं मी कुणापाशी?"

मी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"दादाला. डॉक्टरबाईंना थोडं."

"आणि?"

"औषधवाल्याला."

"म्हणजे गावाला." तिनं कात्री ठेवली. "काल आपल्या घराशेजारची इथं येऊन माझ्या आईला विचारून गेली, मुलीला पोलीस धरतायत का. माझी आई जेवली नाही काल."

आत कोणीतरी खुर्ची सरकवली. वहिनीची आई असणार. बाहेर आली नाही.

"चला वहिनी. बाबा विचारतायत तुम्हाला. किल्ल्या आणल्यात मी."

"किल्ल्या ठेवा तुमच्याजवळ. मी घरी नाही येत." ती आत गेली. मला वाटलं दार लावणार. पण ती चपला घालून आली. "आधी औषधवाल्याकडे. तिथं सांगा, सगळ्यांच्या समोर. मग डॉक्टरबाई. त्यानंतर बघू कुठं जायचं ते."

बसमध्ये ती पुढं बसली, मी मागं. बोलणं नाही.

दुपारची वेळ होती तरी काउंटरला गर्दी. औषधवाला आम्हा दोघांना बघून चष्मा पुसायला लागला. "या या. आत्या कशा आहेत?"

"बरी आहे," मी हळूच म्हणालो. "ते मी त्या दिवशी तुम्हाला जे बोललो ना वहिनींबद्दल, ते तसं नव्हतं. बाबा आणि आत्याच गोळ्या बदलून घेत होते. वहिनींनी बरोबरच भरल्या होत्या."

"हां हां, असं होतं," औषधवाला घाईनं म्हणाला. "जाऊ दे ना. मी कुठं कुणाला..."

"मोठ्यानं," वहिनी म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

मी मागं वळलो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा, बाळाला कडेवर घेतलेली एक बाई, आणि त्या दिवशीच्या दोघांपैकी एक. तिघंही माझ्याकडेच बघत होते.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.